गुणतक्त्यात एक रकाना द्या
बालरोग प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीला आणि परीक्षक मंडळाला खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

बालरोगशास्त्राच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचा सुधारित आराखडा आपण नुकताच मंजूर केला. ‘प्लॅनेटरी हेल्थ’ (माणसाचं आणि पृथ्वीचं आरोग्य एकत्र पाहणं) हा शब्द त्यात पहिल्यांदाच आला आहे. तो आत आणण्यासाठी समितीत ज्यांनी किल्ला लढवला असेल, त्यांचे मी मनापासून आभार मानते. पण त्याच परिच्छेदाच्या शेवटी एक ओळ आहे: हा घटक वैकल्पिक राहील, त्यावर एक व्याख्यान ठेवावे, मूल्यमापन होणार नाही. हे पत्र त्या शेवटच्या तीन शब्दांबद्दल आहे.

याआधी मी आपल्याला दोनदा लिहिलं. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. सहकाऱ्यांनी आणि निवासी डॉक्टरांनी हे वाचावंच, पण ज्यांची मुलं आमच्या हाती येतात त्या आईवडिलांनीही वाचावं.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. निवासी डॉक्टरांना शिकवते, परीक्षक म्हणूनही बसते. त्यामुळे पुढे ज्या उणिवा सांगणार आहे, त्यांत माझाही वाटा आहे.

उष्णतेच्या लाटेतली एक रात्र. पाच महिन्यांचं बाळ झटके येत असताना आमच्याकडे आणलं. अंग गार, डोळे एका बाजूला फिरलेले. रक्तातलं सोडियम ११८, म्हणजे धोक्याइतकं कमी. ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरने जे केलं त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. श्वासमार्ग सांभाळला, तीन टक्क्यांचं सलाईन मोजून दिलं, सोडियम किती वेगाने वर येऊ द्यायचं याचा हिशोब तिला तोंडपाठ होता. झटके थांबले, बाळ वाचलं. पहाटे आईशी बोलताना कळलं, की तीन दिवसांपूर्वी ती तपासणीला आली तेव्हा तिने विचारलं होतं, “एवढं उकडतंय, बाळाला वरचं पाणी देऊ का?” आणि तिला उत्तर मिळालं होतं, “द्या थोडं थोडं.” ते उत्तर देणारी डॉक्टर हीच होती.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला कडक उन्हातही वरचं पाणी लागत नाही. त्याला अधिक वेळा दूध पाजायचं असतं. साध्या पाण्याने त्याचं पोट भरतं आणि सोडियम उतरतं. हे त्या मुलीला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. स्तनपानावरच्या प्रश्नात हेच लिहून तिने गुण मिळवले होते. पण तोच प्रश्न घाबरलेल्या, घामाने भिजलेल्या आईच्या तोंडून आला, तेव्हा तिला तो ओळखता आला नाही. तसा तो तिला कधी कुणी विचारलाच नव्हता. तिची शिक्षिका मी होते, आणि मीही विचारला नव्हता.

मी ज्याला प्लॅनेटरी हेल्थचं कौशल्य म्हणते ते हे. माणसाचं आरोग्य आणि त्याला जगवणाऱ्या निसर्गव्यवस्थांचं आरोग्य एकमेकांपासून वेगळं काढता येत नाही, एवढाच या शब्दाचा अर्थ. २०१५ साली रॉकफेलर फाउंडेशन आणि ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक यांच्या आयोगाने तो वैद्यकापुढे नीट मांडला. शब्द मोठा आहे, पण बालरोगाच्या ओपीडीत तो अगदी लहान लहान प्रश्नांतून येतो. पाणी देऊ का, खिडकी उघडी ठेवू का, आज खेळायला पाठवू का, हे औषध उन्हात चालेल का.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार अशी, की हा विषय जिथे वैकल्पिक ठरूच शकत नाही, अशा शाखेत आपण तो वैकल्पिक ठेवला. हवामानबदलामुळे जगावर येणाऱ्या रोगभारातला सुमारे ८८ टक्के भार पाच वर्षांखालच्या मुलांवर पडतो, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजातून आलेला आकडा बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं उद्धृत करत आले आहेत. याची कारणं आपण सगळ्यांनी पहिल्याच वर्षी शिकलेल्या शरीरशास्त्रात आहेत. तान्हं मूल मिनिटाला ३० ते ६० वेळा श्वास घेतं, मोठा माणूस १२ ते २० वेळा. वजनाच्या मानाने मूल हवाही जास्त ओढतं, पाणीही जास्त पितं आणि अन्नही जास्त खातं. त्याच्या फुफ्फुसातले वायुकोश जन्मानंतरही बनत राहतात. बाबागाडीतलं मूल नेमकं वाहनांच्या धुराच्या उंचीवर असतं. जमिनीवरची धूळ हातातून तोंडात जाते. आणि ऊन लागलं तर उठून सावलीत जाणं त्याच्या हातात नसतं, कुणीतरी उचलून न्यावं लागतं. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की १५ वर्षांखालची ९३ टक्के मुलं तिच्या मर्यादेपेक्षा प्रदूषित हवेत श्वास घेतात. पुढे २०२१ मध्ये संघटनेने पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली. म्हणजे दिवसभरात आमच्यासमोर बसणारं जवळपास प्रत्येक मूल या विषयाचा रुग्ण आहे. एखाद्या संसर्गाने १०० पैकी ९३ मुलं बाधित असती, तर त्याला आपण वैकल्पिक म्हटलं असतं का?

दुसरी तक्रार मला अधिक बोचते. आजची परीक्षा हा विषय नुसता वगळत नाही. जो उमेदवार तो मनावर घेतो, त्याला ती मागे टाकते.

गेल्या काही परीक्षांपैकी एकीत लाँग केस (एका रुग्णाची सविस्तर माहिती घेऊन, तपासून परीक्षकांपुढे मांडायची परीक्षा) होती दम्याच्या मुलीची, वय सात. एका उमेदवाराने ठरलेल्या क्रमाने हिस्टरी, म्हणजे आजाराची आणि घरची माहिती, घेतली, औषधांचे डोस बिनचूक सांगितले, वेळेत संपवलं. दुसरीने आईला विचारलं, की मुलगी झोपते त्या खोलीची खिडकी कुठे उघडते. रस्त्यावर, आई म्हणाली. रात्री अवजड वाहनं जातात का? जातात. खोकला कोणत्या रात्री वाढतो? भिंतीला ओल आहे का? स्वयंपाकाला इंधन कोणतं? घरात कुणी सिगारेट ओढतं का? आई विचार करू लागली, आणि तिच्या लक्षात आलं की सुट्टीत आजीकडे गेल्यावर मुलीला पंप (इन्हेलर) लागतच नाही. त्या मुलीच्या फायलीत तीन वर्षांच्या नोंदी होत्या. ही गोष्ट कुठेच नव्हती.

माझ्या हातातल्या गुणतक्त्यात जन्माचा इतिहास, लसीकरण, आहार, विकासाचे टप्पे, कुटुंबाचा इतिहास असे रकाने होते. या प्रश्नांसाठी रकाना नव्हता. त्यांत गेलेल्या वेळामुळे तिची तपासणी अर्धवट राहिली आणि तिचे गुण कापले गेले. ते मीच कापले. तक्त्याबाहेर जाऊन गुण देणं पहिल्या उमेदवारावर अन्याय ठरला असता. पण दोघांपैकी माझ्या नातवंडाचा दमा मी कुणाला दाखवीन, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नव्हती. बाहेर पडताना तिने विचारलं, “मॅडम, मी उगाच वेळ घालवला का?” मला तिच्याकडे बघवेना.

हे प्रश्न विचारणं ही डॉक्टरची आवड-निवड मानायची की कर्तव्य, याचं उत्तर एका कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, लेखी देऊन ठेवलं आहे. एला अडू-किस्सी-डेब्रा ही लंडनमधली नऊ वर्षांची मुलगी. वाहतुकीच्या मोठ्या रस्त्याजवळ राहायची. दम्यासाठी तिला जवळपास ३० वेळा रुग्णालयात दाखल केलं गेलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती गेली. डिसेंबर २०२० मध्ये नव्याने झालेल्या चौकशीत कॉरोनरने तिच्या मृत्यूला हवेचं प्रदूषणही कारणीभूत असल्याचा निष्कर्ष नोंदवला. त्याच निष्कर्षात असंही आहे, की प्रदूषणाने दमा बिघडू शकतो ही माहिती तिच्या आईला दिली गेली नव्हती. ती मिळाली असती तर मृत्यू कदाचित टळेल अशी पावलं आईने उचलली असती. एप्रिल २०२१ मध्ये कॉरोनरने असे मृत्यू पुन्हा होऊ नयेत म्हणून अहवाल काढला. प्रदूषणाचे दुष्परिणाम डॉक्टर आणि परिचारिका रुग्णांना पुरेसे सांगत नाहीत, अशी चिंता त्यात स्पष्ट शब्दांत मांडली आहे. हा अहवाल ज्यांना पाठवला गेला, त्यांत डॉक्टरांच्या शिक्षणाची आणि परीक्षांची जबाबदारी असलेल्या संस्था होत्या. म्हणजे आपल्यासारख्या.

जवळपास ३० वेळा दाखल. प्रत्येक वेळी कुणीतरी हिस्टरी घेतली असणार. सदस्यहो, त्या हिस्टरी घेणाऱ्यांना दोष देणं मला पटत नाही. त्यांना जसं घडवलं तसे ते घडले. प्रश्न घडवणाऱ्यांना विचारायला हवा.

तिसरी तक्रार त्या एका व्याख्यानाबद्दल. व्याख्यानातून घोषवाक्य तेवढं लक्षात राहतं, आणि लहान मुलांच्या बाबतीत घोषवाक्य धोक्याचं ठरू शकतं. इन्हेलरचंच घ्या. नेहमीच्या फवाऱ्याच्या इन्हेलरमधल्या वायूची पृथ्वी तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक असते. पावडरच्या इन्हेलरमध्ये तो वायू नसतो. एवढं ऐकून एखादा उत्साही निवासी डॉक्टर चार वर्षांच्या मुलाला पावडरवर नेईल. पण पावडर आत ओढायला जोरकस, वेगवान श्वास लागतो, आणि तो इतक्या लहान मुलाला जमत नाही. त्याच्यासाठी फवारा आणि स्पेसर (फवाऱ्याला जोडायची नळी, जिच्यातून मूल सावकाश श्वास घेतं) हेच योग्य. तिथे पृथ्वीचं हित साधतं ते दमा नीट आटोक्यात ठेवण्यात: नियमित घ्यायचं औषध रोज चुकवू नये, स्पेसर नीट वापरावा, दमा नसलेल्या खोकल्याला पंप देऊच नये, अर्धा भरलेला पंप फेकू नये. मूल मोठं झालं, तंत्र जमू लागलं, की मग पावडरचा विचार आईवडिलांशी बोलून करावा. हा विवेक स्लाइडवर शिकवता येत नाही. मूल समोर बसवून, चुकू देऊन, सुधारून शिकवावा लागतो, आणि आला की नाही हे तपासावं लागतं.

वैद्यकीय शिक्षणात हे कुणाला नवं नाही. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मूल्यमापनाचा पिरॅमिड मांडला: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं, आणि रोजच्या कामात करणं. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्येच ओस्की परीक्षा मांडली (यात उमेदवार एकामागून एक ठरलेल्या स्टेशनांवर काम करून दाखवतो), कारण जुन्या पद्धतीच्या परीक्षेत रुग्ण आणि परीक्षक बदलले की गुणही बदलत. विश्वासाने सोपवता येतील अशा कामांची कल्पना ओले टेन काटे यांनी २००५ मध्ये दिली. ही सगळी साधनं आपण नवजात शिशूला श्वास देण्यासाठी वापरतो, लंबर पंक्चरसाठी (पाठीच्या कण्यातलं पाणी काढण्यासाठी) वापरतो, वाईट बातमी सांगण्यासाठीही वापरतो. या विषयासाठी मात्र पिरॅमिडच्या तळाची अर्धी पायरी पुरेशी मानली, आणि ती चढली का हेही पाहायचं नाही असं ठरवलं.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचं प्रमाण डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. शिशाची सुरक्षित पातळी अशी नसतेच. तरी अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाच्या केसमध्ये शिशाचा प्रश्न ऐच्छिक. २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात ५९ टक्के जणांना हवामानबदलाची अतिशय काळजी वाटत होती आणि ४५ टक्क्यांहून अधिकांनी या काळजीचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो असं सांगितलं. किशोरवयीन मूल ही भीती घेऊन समोर बसतं तेव्हा तिला आजारही म्हणू नये आणि झटकूनही टाकू नये. कसं बोलायचं याचा सराव आम्ही कधी करून घेतला?

आणि आमचे स्वतःचे वॉर्ड. २०१९ मधल्या एका अंदाजानुसार जगाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनातले ४.४ टक्के आरोग्यसेवेतून होतात. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात २०१८ पासून गरज नसताना हातमोजे न घालण्याची मोहीम चालली आणि वर्षभरात ३७ लाख हातमोजे वाचले. त्यासाठी परिचारिकांना ‘इथे मोजे हवेत का’ हा निर्णय स्वतः घ्यायला शिकवलं गेलं. आमच्याकडे ब्रॉन्किओलायटिसच्या (विषाणूमुळे लहान श्वासनलिका सुजलेल्या) बाळाचा नको असलेला एक्स-रे, नको असलेलं अँटिबायोटिक, तोंडाने औषध घेऊ शकणाऱ्या मुलाच्या हातातली सुई, हे सगळं असंच आहे. ते टाळलं की आधी मुलाचे हाल वाचतात, पृथ्वीचं भलं त्यासोबत होतं.

समितीतल्या काही सदस्यांशी खाजगीत बोलले तेव्हा तीन हरकती ऐकल्या. अभ्यासक्रम आधीच भरून वाहतो, ही पहिली, आणि ती खरी आहे. म्हणूनच मी नवा पेपर मागत नाही. दमा, अतिसार, डेंग्यू, झटके, वाढ खुंटणं, या रोजच्याच केसमध्ये दोन-तीन प्रश्नांची भर मागते आहे. पर्यावरणाच्या हिस्टरीचा एका पानाचा नमुना जागतिक आरोग्य संघटनेने कधीच तयार केला आहे. त्याला ‘हिरवं पान’ म्हणतात, आणि तो मुलांसाठीच आहे.

शिक्षकांनाच हे येत नाही, ही दुसरी. मान्य, मलाही येत नव्हतं. पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात वेदना कमी करणारी सेवा) अभ्यासक्रमात आली तेव्हाही आम्हाला येत नव्हती, आपण शिकवलंत आणि आम्ही शिकलो.

तिसरी हरकत, की हे राजकारण आहे. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात १९९४ पासून वेगवेगळ्या वर्षांतल्या मुलांच्या तीन गटांची फुफ्फुसं मोजली गेली. हवा जशी स्वच्छ होत गेली तशी फुफ्फुसांची वाढ सुधारली, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या मुलांच्या पालकांनी कुणाला मत दिलं याने आकडे बदलत नाहीत. उमेदवाराची मतं तपासू नका, असं मी स्वतःच सांगते. त्याचं काम तपासा.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली: ‘वैकल्पिक’ आणि ‘मूल्यमापन होणार नाही’ हे दोन्ही उल्लेख आराखड्यातून काढा.

दुसरी: पुढच्या परीक्षेपासून लाँग केसच्या गुणतक्त्यात ‘मुलाचा परिसर’ असा एक रकाना द्या: हवा, पाणी, ऊन, घर, इंधन, आईवडिलांच्या कामाची जागा. त्यासाठी वेळही वाढवून द्या, म्हणजे विचारणाऱ्याचं नुकसान होणार नाही.

तिसरी: प्रत्येक ओस्कीत या विषयाचं किमान एक स्टेशन ठेवा, आणि ते खऱ्या ओपीडीसारखं असू द्या. उदाहरणार्थ, फेफऱ्यासाठी टोपिरामेट घेणाऱ्या मुलाची आई औषधं न्यायला आली आहे, बाहेर उष्णतेची लाट आहे, आई उन्हाबद्दल काही विचारत नाही. या औषधाने मुलांचा घाम कमी होऊन अंग तापू शकतं, हे उमेदवार आपणहून सांगतो का? की फक्त चिठ्ठी लिहून देतो? भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या आईला ‘घर बदला’ म्हणून मोकळा होतो, की तिला जमेल असं काही सुचवतो? गुण या फरकाला द्या.

चौथी: परीक्षेचा एक दिवस पुरेसा नाही. लॉगबुकमध्ये वर्षाला किमान दोन वेळा, खऱ्या रुग्णासमोर, शिक्षकाने पाहून नोंदवलेलं मूल्यमापन हवं. आणि तीन वर्षांत एकदा तरी प्रत्येकाने आपल्या वॉर्डातली एखादी अनावश्यक तपासणी किंवा वस्तू कमी करून, मुलांना त्याने अपाय झाला नाही हे मोजून दाखवावं.

पाचवी: हे सुरू करण्याआधी परीक्षकांना शिकवा, माझ्यापासून सुरुवात करा. प्रसंग लिहिणाऱ्या गटात परिचारिका आणि आईवडील यांनाही बसवा. पाण्याचा तो प्रश्न आईला सुचला होता, आमच्यापैकी कुणाला नाही.

त्या रात्रीनंतर मी माझ्या विभागापुरती ओस्कीची १४ स्टेशनं लिहिली. दोन तुकड्यांकडून करून घेतली, चुकलेली बदलली. त्यातलं पहिलं स्टेशन पाच महिन्यांच्या बाळाचं आहे, आणि पहिल्या तुकडीतल्या निम्म्याहून अधिकांनी “द्या थोडं पाणी” असंच सांगितलं. दुसऱ्या तुकडीत तसं कुणीही सांगितलं नाही. कारण पहिल्या तुकडीने त्यांना सांगून ठेवलं होतं, की हे विचारतात. मला एवढंच हवं होतं.

ती सगळी स्टेशनं, गुणतक्त्यांसह, या पत्राच्या प्रतीबरोबर आपल्या कार्यालयात दिली आहेत. वापरा, बदला, माझं नाव घालायची गरज नाही. पुढच्या परीक्षेचं वेळापत्रक जाहीर होण्याआधी मला लेखी उत्तर द्या. नकार असेल तर त्याची कारणंही लिहा. ती मी याच पद्धतीने सगळ्यांसमोर ठेवेन.

आपली,
एक बालरोगतज्ज्ञ, शिक्षक आणि परीक्षक